नोकरी सोडायची की नर्सिंग सोडायचे?

रात्रपाळी करून ती सकाळी नऊला घरी आली. रोजच्यासारखा युनिफॉर्म धुवायला टाकला नाही. घडी करून पेटीत ठेवला आणि मायला म्हणाली, "मी आता जाणार नाही." माय भाकरी थापत होती. तिने एवढेच विचारले, "आजच्या दिवस, का कायमचं?" पोरीने उत्तर दिले नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली ती दुपारी चारला उठली.

पुढच्या रविवारी माय विहारात आली आणि आमच्याजवळ बसली. "जयभीम सिस्टर. तिला जरा समजावून सांगा. तीन वर्षं शिकवलं हो. डोक्यावर कर्ज आहे." हे आरोग्यपान चालवणाऱ्या आमच्यातल्या दोघींची सारी नोकरी वॉर्डात गेली. म्हणून अशा वेळी वस्तीतले लोक आमच्याकडे येतात. आम्ही समजावायला म्हणून गेलो आणि दोन तास नुसते ऐकत बसलो.

मुलगी नंदुरबार जिल्ह्यातलीच, शहादा तालुक्यातली. तिचे नाव देत नाही आणि ती जिथे काम करत होती त्या खाजगी दवाखान्याचेही देत नाही. तिला अजून याच जिल्ह्यात पोट भरायचे आहे. पण तिने सांगितलेले इथे लिहितो, कारण गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधून जी.एन.एम. आणि ए.एन.एम. झालेल्या मुली वाढल्या आहेत आणि पहिल्या वर्षातच "नको हे" म्हणणाऱ्या मुलीही आम्हाला वरचेवर भेटतात.

तिने काय सांगितले

पहिला महिना बरा गेला. नंतर आठ तासांची ड्युटी बारा तासांची झाली. पगार नऊ हजार. रात्री दोन मजल्यांवर मिळून तीस पेशंट आणि नर्स म्हणून दोघीच. त्यातली एक शिकलेली नव्हती, पाहून पाहून सलाईन लावायला शिकलेली. एका रात्री तीनच्या सुमारास एक म्हातारे बाबा गेले. नातेवाइकांचा सगळा राग हिच्यावर निघाला. डॉक्टर आले आणि जी सूचना हिला हँडओव्हरमध्ये कोणी दिलीच नव्हती, तिच्यावरून सगळ्यांसमोर हिलाच बोलले.

"ते पण सहन केलं असतं," ती म्हणाली. "पण मग बॉडी बांधायची होती. मामा ड्युटीवर नव्हता. इन्चार्ज म्हणाल्या, तूच कर, तुम्हा लोकांना सवय असते."

बाबांचे डोळे हिनेच मिटले, अंग हिनेच पुसले, हातपाय हिनेच सरळ केले. ते काम तिला हलके वाटले नव्हते. कॉलेजात शिकवले होते तसे तिने ते नीट आणि मानाने केले. हलके होते ते बोलणे.

मग तिने आम्हाला विचारले, "मी नर्स म्हणून चांगली नाही, का नर्सिंगच असं असतं?"

धक्का एकटीला बसत नाही

पहिली गोष्ट आम्ही तिला सांगितली ती ही, की हा धक्का जगभरच्या नव्या नर्सना बसतो. अमेरिकेतल्या मार्लिन क्रेमर या बाईंनी १९७४ साली यावर एक पुस्तकच लिहिले. नर्स नोकरी का सोडतात, हा त्यांचा प्रश्न होता. कॉलेजात शिकवतात एक आणि वॉर्डात मागतात दुसरे, यातून नव्या मुलीला धक्का बसतो, असे त्यांनी मांडले. सुरुवातीचे दिवस हौसेचे असतात. मग राग, थकवा आणि स्वतःबद्दल शंका येते. त्यातून हळूहळू सावरता येते आणि शेवटी मुलगी आपली वाट ठरवते. कोणी टिकते, कोणी सोडते, कोणी तिथेच राहून दगडासारखी होते. तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. रुग्णांसाठीही आणि तिच्यासाठीही.

आपल्याकडे तर शिकवणे आणि प्रत्यक्ष यात मोठी दरी आहे. साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण मुलींना परीक्षेसाठी पाठ करावे लागते. आणि मग हातात पंधरा पेशंट येतात. काम अर्धवट राहिल्याचे दुःख त्यातून येते. त्या दुःखाचा अर्थ मुलगी नालायक आहे असा होत नाही. उलट चांगले काम कसे असते हे तिला माहीत आहे, म्हणून तिला ते बोचते.

आधी निदान, मग औषध

ताप आला की आपण लगेच एकच गोळी देत नाही. मलेरिया आहे, टायफॉइड आहे की आणखी काही, ते आधी बघतो. "नर्सिंग नको" हाही तापच आहे. त्याच्यामागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात आणि तिन्हींचे औषध वेगळे आहे.

पहिले कारण थकवा. रात्रपाळी शरीराच्या घड्याळाच्या विरुद्ध जाते. दिवसा झोप पुरी होत नाही, जेवणाची वेळ राहत नाही, पाळी अनियमित होते, चिडचिड वाढते. अशा अंगाने घेतलेला निर्णय बहुतेक वेळा थकव्याचा असतो. म्हणून आम्ही तिला सांगितले की सलग आठ दिवस पुरी झोप झाल्याशिवाय कायमचे काही ठरवू नकोस. रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घे. बाईचे ते १२ च्या खाली असले तर तो रक्तक्षय आहे आणि रक्तक्षयात चार पायऱ्या चढल्या तरी जीव नकोसा होतो. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलही बराच आहे, तीही तपासणी एकदा करून घ्यावी. झोप येत नाही, सारखे रडू येते, जगणे नको वाटते असे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर तो मनाचा आजार असू शकतो. त्यासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा आणि घरातल्या कोणाला तरी सांगा. नर्सने मदत मागू नये असा कुठे नियम नाही.

दुसरे कारण अन्याय. कमी पगार, जास्त तास, अपमान, जात काढणे, अंगचटीला येणे. यावर झोप हे औषध नाही. याविषयी पुढे लिहितो.

तिसरे कारण नावड. काही मुलींना हे काम मुळातच जमत नाही. बारावीला मार्क बरे होते, घरच्यांनी पाठवले, म्हणून त्या आल्या. हे ओळखायला आम्ही एक प्रश्न विचारतो: पगार दुप्पट झाला, पाळी आठ तासांची झाली, सगळे नीट बोलू लागले, तरी तुला हे काम करावेसे वाटेल का? "नाही" असे उत्तर शांतपणे आले तर त्या मुलीला ढकलू नये. आमच्या ओळखीच्या एका मुलीने असेच सोडले. आज ती एका ऑफिसात काम करते आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे बी.पी. मोजून देते. तिचे शिक्षण काही वाया गेले नाही.

हा प्रश्न आम्ही या मुलीलाही विचारला. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "धडगावकडची एक बाई आली होती बाळंतपणाला. तिला मराठी येत नव्हतं, मला पावरी येत नव्हती. रात्रभर तिचा हात धरून बसले. बाळ रडलं तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "वाटेल. हे काम करावंसं वाटेल."

म्हणजे तिचे दुखणे नावडीचे नव्हते.

हात लावणाऱ्याचे मोल

"तुम्हा लोकांना सवय असते" हे वाक्य तिच्या मनातून जात नव्हते, म्हणून त्यावर बोलावेच लागले.

रक्त, मलमूत्र, मृत शरीर यांना हात लावणे म्हणजे विटाळ, असे मानणाऱ्या समाजात शुश्रूषेचे काम फार काळ हलके समजले गेले. या कामापासून चांगल्या घरच्या म्हणवणाऱ्या मुलींना दूर ठेवले गेले. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सची संख्या सुमारे ७,००० सांगितली होती, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. एवढ्या मोठ्या देशात ही अवस्था येण्यामागे हा विटाळही एक कारण होता.

याच्या उलट वागलेली माणसेही आपल्याकडे होऊन गेली. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या महार मुलाला पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

विनयपिटकातली आजारी भिक्खूची गोष्ट आपल्यातल्या अनेकांनी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात वाचली असेल. हगवणीने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आणि आनंदांनी स्वतःच्या हातांनी धुतले. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावे, रुग्णाला काय चालते आणि काय चालत नाही हे कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी आणि ओकारी उचलताना किळस येऊ नये, आणि रुग्णाला धीर देता यावा. नर्सिंग कॉलेजची पुस्तके उघडून पाहा, यातले काही वगळलेले दिसणार नाही.

पण "लोभाने नव्हे" याचा अर्थ काही दवाखानेवाले फुकटात राबा असा लावतात. तो चुकीचा आहे. भिक्खूला अन्न आणि वस्त्र संघाकडून मिळत होते, आपल्या मुलीला घरभाडे भरायचे असते. आणि विनयातच पुढे असेही आहे की आजारी भिक्खू मरण पावला तर त्याचे चीवर आणि भिक्षापात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे, कारण शुश्रूषा करणाऱ्याचे उपकार फार मोठे असतात. भिक्खूकडे असते तरी काय, तर चीवर आणि पात्र. तेच सेवा करणाऱ्याला द्यायला सांगितले. सेवेचे मोल द्यायचे असते, हे तेव्हाही कळत होते.

आपल्या जिल्ह्याने नर्सची नजर पाहिली आहे

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, ऑक्सिजनसाठी सारा देश धावत होता. नंदुरबारमध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच ऑक्सिजन प्लांट उभारायला सुरुवात केली होती, हे अनेकांना माहीत आहे. पण त्याच काळात इथे 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या गेल्या, हे कमी लोकांच्या लक्षात आहे. ठरावीक रुग्णांमागे एक नर्स. तिने प्रत्येकाच्या बोटाला मशीन लावून ऑक्सिजनची पातळी पाहायची, गरजेप्रमाणे प्रवाह कमी-जास्त करायचा, आणि रुग्ण जेवायला किंवा संडासला मास्क काढून ठेवतो तेव्हा नळी बंद करायची. यातून ऑक्सिजन वाया जाणे थांबले आणि तो दुसऱ्याच्या उपयोगी पडला. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी ही पद्धत राज्यात इतरत्रही वापरायला सांगितली.

प्लांट लोखंडाचा असतो. कोणाला किती द्यायचे हे नर्सची नजर ठरवते. नर्सला मोजके रुग्ण आणि स्पष्ट काम दिले की काय होते, ते आपल्या जिल्ह्याने दाखवून दिले.

मात्र टाळ्या वाजल्यानंतर पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्सना बाहेरच्या एजन्सीमार्फत होणाऱ्या भरतीच्या विरोधात संपावर जावे लागले. कौतुकाने पोट भरत नाही, म्हणून हक्क माहीत असावे लागतात.

हक्काच्या गोष्टी

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी खाजगी रुग्णालयांतील नर्सच्या स्थितीबद्दल समिती नेमायला सांगितले. त्या समितीची शिफारस अशी: २०० हून जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका असावा. १०० ते २०० खाटांना तो फार तर १० टक्के कमी चालेल, ५० ते १०० खाटांना २५ टक्के. आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही २०,००० रुपयांच्या खाली नको. ही शिफारस आहे, म्हणून ती सर्रास मोडली जाते. तरीही पगाराचे बोलताना हा आकडा तोंडावर असावा.

मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवू नका, साक्षांकित प्रती द्या. नेमणुकीचे पत्र मागून घ्या. रोजचे ड्युटीचे तास एका वहीत लिहा. पगाराची तक्रार सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात करताना हीच वही कामी येते.

दहा किंवा त्याहून जास्त माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणच्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. नातेवाइकांनी नर्सला मारहाण केली तर महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. तो गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

हेपॅटायटिस बी ची लस तीन डोसमध्ये पुरी करा. वापरलेली सुई टोचली तर लाजून लपवू नका. जखम साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सिव्हिलला जा. एच.आय.व्ही. टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. जितके लवकर तितके चांगले. ते २८ दिवस घ्यायचे असते.

एक दवाखाना म्हणजे सगळे नर्सिंग नव्हे

नव्या मुलीने पाहिलेला असतो एकच दवाखाना. त्याला कंटाळली की तिला वाटते, सगळीकडे हेच. पण या क्षेत्रात कामे पुष्कळ आहेत. आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरात अशी किती ठिकाणे आहेत. नर्मदेच्या पाण्याने वाट तुटलेल्या गावांना दवाखान्याची बोट जाते. नंदुरबारला सिव्हिल आहे, २०२० पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सरकारी अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या आयोगाप्रमाणे ३५,४०० पासून सुरू होते. जी.एन.एम. झालेल्या मुलीला दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी होता येते, पुढे शिकवण्याचे कामही करता येते.

जागा कमी निघतात आणि परीक्षेला गर्दी असते, हे खरे आहे. म्हणून दुसरे हातात नसताना पहिले रागाने सोडू नये. जीव किंवा अब्रू धोक्यात असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. आणि नर्सिंग सोडले तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवावी. उद्या मन बदलले तर दार उघडे राहते.

घरच्यांनो, तुमच्यासाठी

"तुझ्यावर इतका पैसा घातला" हे वाक्य पोरीला माहीत असते. ते पुन्हा बोलून दाखवू नका. रात्रपाळीची मुलगी दिवसा झोपली तर तिला पाणी भरायला उठवू नका, खोलीत अंधार करा, शेजारच्यांना आवाज कमी करायला सांगा. घरातला मुलगा कंपनीत रात्रपाळी करून आला की त्याला कोणी उठवत नाही. मग हिलाच का? आणि "आज काय झालं?" हे रोज विचारा. आमच्या या मुलीला सहा महिन्यांत हा प्रश्न घरात कोणीच विचारला नव्हता. पगार किती जमा झाला, हे मात्र दर महिन्याला विचारले होते. माय हे ऐकून डोळे पुसत होती.

मग तिने काय केले

आठ दिवस ती झोपली. हिमोग्लोबिन साडेआठ निघाले, गोळ्या सुरू झाल्या. मग मामाला सोबत घेऊन ती दवाखान्यात गेली आणि महिन्याची नोटीस लिहून दिली. तो महिना तिने पुरा केला. अनुभवाचे पत्र दुसऱ्या खेपेला मिळाले. इन्चार्जना ती म्हणाली, "सवय कोणालाच नसते मॅडम. मी ते काम शिकलेय." पुढे काही बोलणे झाले नाही.

आता ती तालुक्याच्याच एका लहान प्रसूतिगृहात आहे. पगार थोडाच जास्त आहे, पण पाळी आठ तासांची आहे आणि संध्याकाळी सरकारी परीक्षेचा अभ्यास होतो. कर्जाचे हप्ते अजून आहेत. मागच्या रविवारी ती भेटली तेव्हा आम्ही विचारले, काय ठरवलेस?

"वर्षभर बघते," ती म्हणाली. "मग पुन्हा विचारा."

आम्ही विचारणार आहोत. तुमच्याही वस्तीत अशी एखादी असेल, तिला तुम्ही विचारा.